धुऱ्यावरचं बांधकाम

धानाच्या रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याच्या शिवारात सगळ्यांच्या नजरा चिखलात असतात. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीभर टाकलेल्या, बाया ओळीनं वाकून मागं मागं सरकत असतात, आणि आभाळ कधी कोसळेल याचा नेम नसतो. त्याच दिवसांत दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर, गवतझुडपांत, आणखी एका जोडप्याची घाई चाललेली असते. तिकडं कुणी बघत नाही. मी बघत बसतो.

हा राखी वटवट्या. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम 13 सेंटिमीटर, त्यात शेपटीचाच वाटा मोठा. वजन 7 ग्रॅमच्या आसपास. डोकं-पाठ राखाडी, पंख तांबूस, पोट फिकट बदामी, शेपटीच्या पिसांना टोकाशी काळा ठिपका आणि पांढरट कड. शेपटी उभी धरून तो झुडपाच्या बुडातून वर येतो, शेंड्यावर बसून एकच सूर पुन्हा पुन्हा आळवतो आणि पुन्हा आत शिरतो. उडणंही त्याचं झटक्याझटक्याचं; जड शेपटी ओढत निघाल्यासारखं. नीट कान दिला तर त्या उडण्यात बारीक चट्‌चट् ऐकू येते, विजेची ठिणगी उडावी तशी. हा आवाज गळ्यातला नसून पंखांचा असावा, असं मानलं जातं.

अमेरिका-युरोपात झाडोऱ्याच्या बुडाशी अशीच शेपटी उभारून वावरणारी ‘रेन’ नावाची चिमणी पाखरं आहेत. त्यांच्या बहुतेक जाती अमेरिका खंडातल्या, विशेषतः तिथल्या उष्ण प्रदेशातल्या. आपल्या झाडीपट्टीत रेन नाही. जुन्या इंग्रजी पक्षिग्रंथांत आपल्या वटवट्यांना मात्र ‘रेन-वॉर्बलर’ म्हटलेलं सापडतं. ठेवण सारखी असली तरी नातं नाही. वटवट्याच्या भाऊबंदांत बसतो तो शिंपी पक्षी. राखी वटवट्याला शास्त्रीय नाव मिळालं 1832 साली, विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं केलेल्या दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत. म्हणजे शास्त्राच्या दप्तरी हा पक्षी मुळात आपल्याच मुलखाचा.

मला ओढ आहे ती त्याच्या घरट्याची. बेशरमाच्या एका झुडपात, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, जोडप्यानं जागा धरली होती. पहिल्यांदा आलं ते कोळ्याचं जाळं. चोचीत जेमतेम दिसेल न दिसेल असा पांढरट पुंजका. पक्ष्यानं तो पानाच्या कडेला टेकवला, मान वळवून बाजूच्या पानाला लावला, आणि चिकटतोय का ते चोचीनं दाबून पाहिलं. पान हललं की तो थांबायचा, वारा पडला की पुन्हा सुरू. मग चोचीच्या टोकानं पानाच्या कडेला बारीक भोक. भोकातून धागा पलीकडं, पलीकडच्या बाजूला जाऊन तोच धागा ओढायचा. गाठ मारण्याची सोय नाही. धाग्याचं टोक पलीकडं विस्कटून फुगतं आणि त्यामुळंच तो मागं निसटत नाही. दोन पानं जवळ आली की आत गवत. आधी जाडसर काड्या, मग केसासारखी बारीक पाती, गोल गोल फिरवून छातीनं दाबलेली. वरच्या अंगाला कडेनं एक तोंड ठेवलेलं, एवढंसं, की आत गेलेल्या पक्ष्याची फक्त शेपटी बाहेर दिसावी.

शिंपी पानं शिवून पोकळी करतो आणि आत मऊ भरण भरतो. वटवट्याचं बरंचसं काम गवताच्या विणीचं, पानं वरून टाचलेली. सगळी घरटी सारखी नसतात. कुठं नुसतं गवतच, विरळ विणीचं, पानाचा आधार न घेतलेलंही आढळतं. पण ज्यात पानं टाचलेली असतात ती पानं जिवंत असतात, देठाला धरून, हिरवीगार. म्हणून दोन हातांवरूनही घरटं दिसत नाही. आणि म्हणूनच झुडूप बुडातून छाटलं की संपलं: पानं सुकून आक्रसतात, टाके ताणले जातात, आणि आतलं सगळं उघड्यावर येतं.

अंडी तीन ते पाच, विटकरी लाल, तुकतुकीत, जाड टोकाला रंग जास्त गडद. अशा रंगाची अंडी मी तरी दुसऱ्या कुठल्या धुऱ्यावर पाहिलेली नाहीत. साधा वटवट्या याच शिवारात राहतो, गवतातच घरटं करतो, पण त्याची अंडी निळसर-हिरवट आणि तपकिरी डागांची. राखीचे नर-मादी दोघंही आळीपाळीनं उबवतात. बारा दिवसांच्या आसपास पिल्लं बाहेर येतात. तोवर कारुण्य कोकिळेचं भय. ती वटवट्याच्या घरट्यात अंडं घालते आणि स्वतःच्या शरीरापेक्षा मोठं पोर भरवत बसण्याची पाळी या 7 ग्रॅमच्या आईबापांवर येते.

पलीकडच्या धुऱ्यावर एक घरटं अर्धं झालेलं असताना शेळ्यांनी झुडूप हलवून टाकलं. जोडपं निघून जाईल असं वाटलं होतं. ते गेलं नाही. दुपारी दोघांनी मिळून आपणच बांधलेलं उसवायला घेतलं. एकेक पात उपसून, चोचीत आडवी धरून, थोडं पुढं रानभेंडीच्या झाडात नेऊन पुन्हा लावली. जुनं सामान नव्या जागी. हा स्वभाव निरीक्षकांनी नोंदवून ठेवलेला आहे, पण डोळ्यांपुढं घडताना पाहिलं तेव्हा मी छत्री मिटवायचंसुद्धा विसरलो.

रोवणीवरच्या एका बाईनं कंबर सरळ करत विचारलं, “काय पाहून राह्यले जी?” मी दाखवलं. तिनं झुडूप निरखलं. “हे तं नेहमीच ओरडते. घर कुठी असते, ते नोहतं माहीत,” म्हणाली, आणि मग हातातल्या विळ्यानं बाजूचं गवत कापताना ते झुडूप तिनं वगळलं.

गोंदियाचं नाव निघालं की लोक नागझिऱ्याचा वाघ सांगतात, सारसाची जोडी सांगतात. ते योग्यच आहे. महाराष्ट्रात सारस उरलाय तो याच पट्ट्यात, धानाच्या बांध्यांच्या आणि तलावांच्या आधारानं. पण वटवट्याला ना अभयारण्य लागतं ना तलाव. त्याला लागतो तो हातभर रुंदीचा गचपणाचा पट्टा. धुरा तासून सपाट करायचा, त्यावर तणनाशक मारायचं, म्हणजे शेत ‘साफ’ दिसतं, ही समजूत आता पसरली आहे. साफ धुऱ्यावर कोळी नाही, कोळी नाही तर धागा नाही, आणि झुडूप नाही तर टाचायला पान नाही. शेतकऱ्याचा यात काही फायदा होत असेल, पण धानाच्या पानांवरचे किडे-अळ्या वेचणारी चोच तो आपल्याच बांधावरून हाकलतो, हे मला खटकतं. चाऱ्यासाठी गवत कापायलाच हवं, हे मान्य. काही झुडपं सप्टेंबर सरेपर्यंत ठेवली तर विणीचा हंगाम निभावतो.

हलकं धान कापणीला येतं तोवर पिल्लं मोठी झालेली असतात. मग हे जोडपं धुऱ्यावरच्या तुरीत शिरतं, फुलोऱ्यातले किडे टिपतं, आणि अंधार पडला की लहानशा झाडाच्या फांदीवर एकेकटं झोपतं.