विहीर बुजवायची, तर आधी खडक वाचा

उत्तर समुद्रातले नॉर्वेचे एकोफिस्क तेलक्षेत्र १९६९ साली सापडले आणि १९७१ पासून तेल देऊ लागले. तेल होते खडूसारख्या मऊ, सच्छिद्र खडकात. ते निघत गेले तसा खडक दबला आणि वरचा समुद्रतळ खचू लागला. १९८४ मध्ये हे ध्यानात आले. १९८७ मध्ये समुद्रातले तेलफलाट सहा मीटर उचलावे लागले. वरचे थरही सरकल्याने विहिरींचे पोलादी नळ वाकले. अशा विहिरी कायमच्या बंद करायच्या, तर भूविज्ञानाशिवाय गत्यंतर नाही.

नॉर्वेच्या नॉर्सोक डी-०१० या मानकाप्रमाणे विहीर बुजवताना विचार करायचा तो अनंत काळाचा. तेल-वायूच्या थरावर एकमेकांवर विसंबून नसलेले दोन अडसर हवेत. पोलाद गंजते, सिमेंट आकसते. पण छिद्रणापूर्वी लक्षावधी वर्षे तेल अडवून धरले होते ते वरच्या शेल या चिकणमातीच्या खडकाच्या थरांनी. तोच अडसर त्याच पातळीवर पुन्हा उभा करायचा.

ही पातळी ठरते दाबावरून. उपसा थांबला की आजूबाजूचे पाणी शिरून थरातला दाब हळूहळू पुन्हा चढतो. उद्याचा तो दाब आजच मांडायचा आणि तो सोसेल इतका मजबूत खडक जिथे आहे, तिथेच सिमेंट भरायचे. त्याहून वर भरले, तर बूच शाबूत राहूनही भोवतालचा खडक फाटतो आणि वायू बाजूने वाट काढतो. खडकाची ही ताकद कळते ती छिद्रण करताना घेतलेल्या दाबचाचण्यांमधून.

धोका खालच्या साठ्यापुरताच नसतो. जर्मनीतल्या कील येथील जिओमार संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उत्तर समुद्रातल्या तीन बंद विहिरींजवळचे बुडबुडे तपासले. त्यांतला मिथेन वायू खोल साठ्यातला नव्हता. उथळ थरांत जिवाणूंनी तयार केलेला होता. छिद्रणाने वाटेतले वायूचे कप्पे भेदले गेले होते आणि विहिरीलगतच्या मोकळ्या खडकातून वायू वर येत होता. म्हणून आराखड्यात तळापासून समुद्रतळापर्यंतचा प्रत्येक थर धरावा लागतो.

कधी खडक स्वतःच मदतीला येतो. मऊ, चिकणमातीयुक्त शेल वर्षानुवर्षे हळूहळू सरकत नळाबाहेरची पोकळी भरून काढते. नॉर्वेच्या स्टॅटऑइलहायड्रो या तेलकंपनीच्या तंत्रज्ञांनी २००९ मध्ये असे अनुभव मांडले. ध्वनिलहरींनी नळाभोवतीची पकड तपासायची, मग दाब देऊन खात्री करायची. दोन्हींत उतरलेली शेल अडसर म्हणून धरता येते. नळ कापून काढण्याचा मोठा खर्च त्यामुळे वाचतो. कडक, ठिसूळ शेलकडून मात्र ही अपेक्षा ठेवता येत नाही.

आपल्या मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथला खडक वेगळा, त्यामुळे उत्तर समुद्राचा आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. पण एक धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे : विहीर खोदताना घेतलेले खडकाचे नमुने, दाबचाचण्या आणि ध्वनिलहरींच्या नोंदी ती बुजवेपर्यंत जपल्या पाहिजेत. त्या हरवल्या, तर पुढच्या पिढीला अंदाजावर सिमेंट ओतावे लागेल.