पाण्याचा शेअर जमिनीला की माणसाला?

उन्हाळा तापू लागला की टेंभू, ताकारी, म्हैसाळ या सरकारी उपसा योजनांच्या थकबाकीची आणि लांबलेल्या आवर्तनाची बातमी ठरलेली. वीजबिलाचे 81 टक्के सरकारने, 19 टक्के शेतकऱ्याने भरायचे, हा हिशेब खानापूर-आटपाडीत आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे; तो पुन्हा उगाळत नाही. या गदारोळात एक जुनी व्यवस्था मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठी शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीच्या सहकारी उपसा जलसिंचन संस्था उभ्या केल्या. जॅकवेल, मोटारी, पाइपलाइन, पाट, सगळे सभासदांचे.

संस्था अशी चालते : जितकी जमीन भिजणार, त्या प्रमाणात शेअर घ्यायचे. उरलेला पैसा बँकेच्या कर्जातून, तारण सभासदांच्या जमिनीचे. कर्जाचा हप्ता आणि पाणीपट्टी साखर कारखाना ऊसबिलातून कापून देतो, म्हणून वसुली होते. नदीतून पाणी उचलायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. मतदान मात्र सहकाराच्या नियमाने, एक सभासद एक मत; दहा एकरवाल्याचे मतही एकच.

रोजचे राज्य पाटकऱ्याचे. पाळीपत्रक त्याच्याकडे. त्याने चेंबर उघडून दिला की पाटाने पाणी येते आणि ज्याची पाळी तो दारं धरायला उभा राहतो. एक सरी भरली की खोऱ्याने दोन ढेकळे ओढून तिचे तोंड बुजवायचे, पुढच्या सरीचे फोडायचे. वीज रात्रीची असेल तर हे सगळे बॅटरीच्या उजेडात, गुडघाभर चिखलात. पाटाचे पाणी मध्येच कुणी फोडले तर भांडण बांधावरून थेट वार्षिक सभेत जाते. या भांडणांना मी संस्थेचा दोष मानत नाही. भांडायला जागा आहे, ऐकून घ्यायला अध्यक्ष ओळखीचा आहे, ही मोठी गोष्ट आहे. सरकारी कालव्यावर तेवढेही नसते.

खरा दोष दुसरीकडे आहे. पाणीपट्टी एकरावर, मोजमाप घनमीटरचे नाही. मग पाळी आली की रान तुडुंब भरून घेण्याकडेच कल. वाळवा, पलूस, मिरज भागात चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या, त्यामागे हे बेहिशेबी पाणी आहे. आणि शेअर जमिनीवर ठरतो, म्हणून ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. उसाच्या रानात तोही राबतो, पण संस्थेच्या सभेत त्याला खुर्ची नसते.

हे असेच असावे लागते का? नाही, आणि त्याचा दाखला सांगली जिल्ह्यातच आहे. येरळा नदीवरचे बळीराजा स्मृती धरण. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार खानापूर तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडत होते. खडी फोडून दुष्काळ हटणार नाही, हे त्यांना कळत होते. डॉ. भारत पाटणकरांच्या मुक्ती संघर्ष चळवळीतून बलवडी आणि तांदुळवाडीची माणसे एकत्र आली. येरळेची वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते. गावकऱ्यांनी ती अडवली, स्वतः वाळू विकायचा हक्क झगडून मिळवला आणि त्या पैशाचा आधार घेऊन, श्रमदानाने, 1980 च्या दशकात धरण बांधले. आराखड्याला के. आर. दाते यांच्यासारखा अभियंता पाठीशी होता.

मला त्या बांधकामाहून त्यामागचा नियम मोठा वाटतो. पाण्याचा वाटा कुटुंबाला, सगळ्यांना सारखा, भूमिहीनालाही. त्याने तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करून वापरावा. आणि या पाण्यावर ऊस नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीने 1970 च्या दशकातच माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, असा हिशेब घातला होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे.

शेअर मोकळा सोडला तर काय होते, ते अमेरिकेत कोलोरॅडोने पाहिले आहे. तिथे पाट आणि तलाव शेतकऱ्यांच्या कंपन्यांचे, पण त्यांचे शेअर कुणालाही विकता येतात. 1970-80 च्या दशकांत क्राउली परगण्यातल्या शेतकऱ्यांनी आपले शेअर वाढत्या शहरांना विकले. पैसे मिळाले, रान ओसाड पडले. आपल्या संस्थांचे शेअर असे विकले जात नाहीत, हे भाग्य. पण जमिनीशी बांधलेले पाणी जमिनीच्या व्यवहारासोबत हात बदलतेच.

टेंभूचे पाणी आता बंदिस्त नलिकेतून आटपाडीच्या रानात पोहोचते आहे. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याने तिथल्या पाणी वापर संस्थेला मोजून पाणी द्यायचे आहे, म्हणजे निदान एकराचा हिशेब मोडायची संधी आहे. पण त्याच कायद्यात सभासद तोच, जो लाभक्षेत्रात जमीन धारण करतो किंवा कसतो. भूमिहीन मजूर त्या व्याख्येबाहेर. त्याला बाहेर ठेवून पोटनियम झाले की पुढे बदलायलाही त्याच्याकडे मत नाही. म्हणून बळीराजाचा नियम संस्था नोंदवण्याआधी, गावसभेत मांडावा लागेल, आणि तो मांडणारी माणसे जमीनवालीच असावी लागतील.