दोनशे रुपयांचा दावा

सकाळी 7.15. राजेश्वर. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली. हॉटेलच्या बाकावर वकीलसाब आणि त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. दोस्त निवृत्त मोजणीदार. समोर सुसला, मिरची भजी, दोन चहा. मोजणीदारांचे गुडघे साखळी ओढून गेले. 33 फुटांची साखळी. 33 बाय 33 चा गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. "एवढे धुरे दाखवले, पण 'माझं चुकलं' म्हणणारा एक भेटला नाही. साखळीच खोटी म्हणायचे," ते म्हणतात. वकीलसाब भजी मोडतात. "माणूस आधी ठरवून येतो रे. कारण तेवढं आपल्याकडून घेऊन जातो. त्याचीच फी." आजचे पैसे मोजणीदार देतात. काल वकीलसाबांनी दिले होते.

8.30. घरची ओसरी हेच ऑफिस. पत्र्याची पेटी, लाल फितीच्या फायली, तालुक्यातून काढलेल्या पहाण्या. एका फायलीत निजामाच्या काळातला उर्दू कागद आहे. घरात तो कुणाला वाचता येत नाही, वाचून देणाऱ्याला पैसे मोजावे लागतात. पक्षकार येतो. सहा एकर, बहिणीचा वाटणीचा दावा, 2018 पासून. फायलीचं पान उलटतं तसं या भावाचं कारण बदलत गेलेलं दिसतं. पहिलं, लग्नात भरपूर दिलं. ते कायद्यात बसेना. मग, बाप 2001 ला गेला आणि मुलींना वाटा देणारा कायदा 2005 चा. हे वकीलसाबांनी कैफियतीत नीट मांडलं होतं. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 2005 ला बाप हयात असायची गरज नाही. आठवड्यात भावाला तोंडी वाटणी आठवली. "एवढी वर्षं कशी नाही आठवली?" वकीलसाबांनी विचारलं होतं. भाऊ म्हणाला, "तुम्ही विचारलंच कुठं?"

9.50. बस. मोजणीदारही निघतात. पेन्शन आहे, दिवस जात नाही. बहीण हुमनाबादकडूनच बसून आलेली. बायकांना बस फुकट, म्हणून तिचं शून्य तिकीट, भावाचे पैसे लागतात. गर्दी आहे. ती पिशवी मांडीवर घेते. "बस, दादा." तो बसतो. दोघं सोयाबीनच्या भावावर बोलतात. सस्तापूर बंगल्यावरून बस बसवकल्याणला वळते.

11.00. कोर्ट. काळा कोट, मानेला घाम. झेरॉक्सवाल्याकडे गर्दी, टायपिस्टाकडे त्याहून जास्त. घरात मराठी, कागद कन्नड. मधलं सगळं वकीलसाबांच्या तोंडून. प्रत्येक तारखेला भाऊ पाचशे देतो. चहा, जेवण, बुडालेली मजुरी निराळी. दाव्याची कोर्ट फी मात्र दोनशे रुपये. 1958 च्या कायद्यानं सामाईक ताब्यातल्या वाटणीला एवढ्यावरच भागतं. आत शिरणं स्वस्त, राहणं महाग. पुकारा 12.40 ला होतो. दोन मिनिटांत पुढची तारीख.

2.00. चिंचेच्या झाडाखाली भाकरी, तुरीचं वरण, कांदा. वकीलसाबांना इथं बसलं की विज्ञानेश्वर आठवतो. इथल्याच चालुक्य दरबारात, विक्रमादित्य सहाव्याच्या काळात, त्यानं 'मिताक्षरा' लिहिली. मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच वाटा, हे तिच्यातलं. देशभरात मुलीचं नाव त्यात यायला 2005 उजाडलं. "नऊशे वर्षं इथं वाटण्याच चालल्यात," ते म्हणतात. "अक्कल वाढली असती तर मी उपाशी मेलो असतो." मोजणीदार कांदा फोडतात. "तू आजच मरणार. बहीण काहीतरी बोलायचं म्हणतीय."

3.30. खरंच. बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलंय. मांडवात मुलीला मामानं आणायचं. मामा एकच, आणि तो प्रतिवादी. पत्रिका छापायला टाकायची आहे. ती निम्म्याऐवजी रस्त्याकडचा एक एकर मागते. भाऊ जमिनीकडे बघत हो म्हणतो. दोन्ही वकील बाकावर बसून अटी लिहून काढतात. चतुःसीमा मोजणीदार तोंडपाठ सांगतात. "तीन एकर मिळाले असते तिला. हिशेबानं हा येडेपणा आहे," वकीलसाब पुटपुटतात. मोजणीदार म्हणतात, "आणि तू सात वर्षं केलास तो हिशेब?" मला इथं मोजणीदारांचं पटलं. पण वकीलसाबांचं सकाळचं बोलणंही सगळं खोटं म्हणता येईना, कारण तोंडी वाटणीवर भावाचा अजून पूर्ण विश्वास आहे.

4.45. चार सह्या, एक अंगठा. आता लोकअदालतीत ठेवायचं. तिथं मिटलं की कोर्ट फी परत मिळते, वकीलसाब सांगतात. भाऊ थांबतो.

"ते दोनशे कुणाला?"

"ज्यानं भरले त्याला. बहिणीला."

"पण मिटवलं तर दोघांनी की. शंभर माझे व्हायला पाहिजेत."

मोजणीदार वकीलसाबांच्या खांद्यावर हात ठेवतात. "बघ, कारण यानं स्वतःच काढलं. तुझी फी बुडाली."