औंढ्याच्या माळावरची मोजपट्टी

बंगळुरूच्या इंदिरानगरात सीएमएच रस्त्यावर खांबांवरून धावणारी मेट्रो २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाली, आणि शंभर फुटी रस्त्याची वर्दळ, इमारतींची जनित्रे आणि सतत चालू असलेली बांधकामे यांच्या थरथरीत आणखी एका थरथरीची भर पडली. तेथे राहणाऱ्याला ती जाणवतही नाही. जमिनीतून मात्र ती दिवसभर वाहत राहते, मध्यरात्रीनंतर ओसरते आणि उजाडताच पुन्हा चढते. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रासाठी जागा शोधायला निघालेल्याने सर्वांत आधी टाळावे असे ठिकाण कोणते, असे विचारले तर इंदिरानगराचे नाव सहज घेता येईल. वास्तविक या विद्येशी बंगळुरूचा संबंध जुना आहे. धक्का बसलेले कृष्णविवर वाजवलेल्या घंटेसारखे ठरावीक स्वर काढत शांत होते, हे १९७० साली गणिताने दाखवणारे सी. व्ही. विश्वेश्वरा पुढे याच शहरातील जवाहरलाल नेहरू तारांगणाचे संस्थापक-संचालक झाले. परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या लहरींचे बारकाईचे गणित बाला अय्यर यांनी येथील रामन संशोधन संस्थेत केले. तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह गोंगाटात बुडालेला संकेत ओळखण्याच्या पद्धतीवर काम केले. विद्या अशी शहरांत वाढली. यंत्रासाठी मात्र जागा निवडली गेली ती मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ.

औंढा हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे, आणि तेथील हेमाडपंती शैलीचे नागनाथाचे देऊळ वारकऱ्यांना नामदेवांच्या कथेमुळे परिचित आहे. जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. देवळासमोर कीर्तनाला मनाई झाली तेव्हा नामदेव मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, असे लोकपरंपरा सांगते. आख्ख्या देवळाच्या फिरण्याची कथा सांगणाऱ्या या गावाच्या शेजारी प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान हालचाल मोजणारे यंत्र उभे राहावे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

या यंत्राचे नाव लायगो-इंडिया. औंढ्याजवळच्या दुधाळा गावाच्या परिसरात त्यासाठी सुमारे १७४ एकर जमीन घेतलेली आहे. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ते जाहीर झाले, आणि त्यानंतर सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातील वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. पुढची पायरी चढायला मात्र सात वर्षे लागली. २,६०० कोटी रुपयांच्या पूर्ण खर्चाला एप्रिल २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम यंत्रणा यांच्याकडे उभारणीची जबाबदारी असून, यंत्राचे गाभ्याचे भाग अमेरिकेकडून यायचे आहेत.

दोन प्रचंड वस्तुमाने परस्परांभोवती वेगाने फिरली की अवकाशातच ताण-दाब निर्माण होतो आणि तो प्रकाशाच्या वेगाने पसरतो. यालाच गुरुत्वीय लहर म्हणतात. ती पृथ्वीवरून जाताना एका दिशेचे अंतर किंचित वाढते आणि तिच्याशी काटकोनातले अंतर तेवढेच घटते. म्हणून या वेधशाळेचा आराखडा काटकोनी असतो. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांत एकाच लेझरचा प्रकाश दुभागून सोडला जातो, टोकाच्या आरशांवरून तो सुमारे तीनशे वेळा ये-जा करतो, आणि परतलेले दोन झोत एकमेकांत मिसळताना त्यांच्यात पडलेल्या फरकावरून दोन्ही भुजांच्या लांबीतला फरक कळतो. नळ्यांमधला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका असतो. चार किलोमीटरच्या पल्ल्यात पृथ्वीचा पृष्ठभागही सरळ रेषेपासून मीटरभर वळतो, तेवढा हिशोब बांधकामाला करावा लागतो. आरसे प्रत्येकी ४० किलो वजनाच्या शुद्ध सिलिका काचेचे असून, एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकाला, शेवटी काचेच्याच बारीक तंतूंवर, ते टांगलेले असतात. पहिल्या लहरीने चार किलोमीटरच्या भुजांत पाडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता.

औंढ्याची वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. ती चालू लागल्यावर तेथील दिवस कसा जाईल, याचा अंदाज तिच्या दोन थोरल्या बहिणींच्या दिनक्रमावरून बांधता येतो. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या नियंत्रण कक्षांत पाळ्यांनी यंत्रचालक बसतात आणि त्यांचे मुख्य काम यंत्र ‘लॉक’मध्ये ठेवण्याचे असते. लॉक म्हणजे सर्व आरशांमधली अंतरे इतक्या काटेकोरपणे स्थिर धरणे, की भुजांत प्रकाश साठत जाऊन त्याची शक्ती शेकडो किलोवॅटपर्यंत चढते. मोकळ्या टांगलेल्या आरशांना या अवस्थेत आणणे हे झोपाळ्यावर बसलेल्या माणसाच्या हातून सुईत दोरा ओवण्यासारखे आहे. आधी हिरव्या रंगाच्या दुय्यम लेझरने आरसे ताब्यात घ्यायचे, मग एकेक अंतर मुख्य अवरक्त लेझरच्या हवाली करायचे, अशा ठरलेल्या पायऱ्या संगणक चढत जातो. चालक लक्ष ठेवतो आणि अडेल तेथे हात घालतो. जगात कोठेही मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा येऊन लॉक तुटतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. समुद्र खवळलेला असला की लाटांच्या माऱ्याने जमीन दर काही सेकंदांनी अतिसूक्ष्म डुलते. लिव्हिंग्स्टनला मेक्सिकोच्या आखाताचा हा त्रास नित्याचा आहे, शिवाय जवळून जाणाऱ्या मालगाड्या आणि लाकूडतोड आहेच. हॅनफर्डच्या वाळवंटात वाऱ्याने लोळत आलेली काटेरी झुडपे नळ्यांच्या काँक्रीटच्या आवरणाशी ढिगाने साचतात आणि ती हटवणे हे तेथील देखभालीचे कामच होऊन बसले आहे. तिथल्याच एका टोकाला, द्रवरूप नायट्रोजनच्या नळीवर जमलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत होते, आणि त्या टकटकीच्या खुणा विश्वाचा कानोसा घेणाऱ्या यंत्राच्या नोंदीत उमटत होत्या. दर मंगळवारी सकाळचे काही तास निरीक्षण थांबवून देखभाल केली जाते. इतके करूनही २०१९-२०च्या निरीक्षणकाळात प्रत्येक यंत्राकडून कामाची नोंद मिळाली ती एकूण वेळाच्या सुमारे तीन-चतुर्थांशच.

चालू यंत्र आणि विश्वासार्ह यंत्र यांत मात्र फरक आहे, आणि तो भरून काढणाऱ्या कामाला अंशशोधन म्हणतात. मोजमापाच्या उपकरणाने दाखवलेला आकडा प्रमाणित मापाशी ताडून, चूक किती आणि कोणत्या बाजूला, हे ठरवणे असा त्याचा अर्थ. बाजारातील वजनकाट्यांची ठरावीक मुदतीने तपासणी होऊन त्यांवर वैधमापन खात्याचा शिक्का बसतो, तसाच हा प्रकार. लायगोचा काटा मात्र विलक्षण आहे. सराफाच्या काट्यात पारडे समतोल ठेवण्यासाठी किती वजने टाकावी लागली यावरून सोन्याचे वजन कळते. त्याचप्रमाणे येथे लहर आरसा हलवू पाहते तेव्हा नियंत्रणयंत्रणा उलट बल लावून त्याला जागच्या जागी आणते. त्यामुळे मूळ लहर एकाच आकड्यात सापडत नाही. प्रकाशात उरलेला बारीकसा फरक आणि आरसा आवरण्यासाठी खर्चलेले बल या दोहोंची बेरीज करावी लागते, आणि त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात: आरसा अमुक इतका हलला तर प्रकाशात किती फरक पडतो, आणि अमुक इतका विद्युतसंकेत दिला तर आरसा किती हलतो.

हे ठरवायला आरसा माहीत असलेल्या अंतराने हलवावा लागतो. आणि प्रोटॉनहून लहान अंतर दाखवणारी पट्टी कोठून आणायची, हा खरा पेच. त्याचे उत्तर प्रकाशाच्या दाबात सापडले. आरशावरून परतणारा प्रकाश आरशाला अत्यल्प, पण हिशोबाने नेमका सांगता येणारा धक्का देतो. एक वॅट शक्तीचा झोत साधारण एका न्यूटनच्या १५ कोटीव्या भागाइतके बल लावतो. सेकंदाला १०० वेळा हे बल कमी-जास्त होऊ दिले, तर ४० किलोचा टांगलेला आरसा प्रोटॉनच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतका मागेपुढे होतो, असे न्यूटनच्या नियमावरून कोणाही पदवीच्या विद्यार्थ्याला काढता येईल. टोकाच्या आरशावर असा वेगळा लेझर रोखणारी फोटॉन कॅलिब्रेटर नावाची यंत्रणा ही लायगोची खरी मोजपट्टी आहे. सारा हिशोब त्या लेझरची शक्ती नेमकी ठाऊक असण्यावर उभा असल्याने शक्ती मोजणारे उपकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेत नेऊन प्रमाणित केले जाते, त्या ‘सुवर्णप्रमाणा’शी वेधशाळांतली कामाची उपकरणे ताडली जातात, आणि तीच उपकरणे घेऊन तंत्रज्ञ देखभालीच्या दिवशी चार किलोमीटर दूरच्या टोकाच्या इमारतीत जातात. त्या अमेरिकी संस्थेप्रमाणे भारतात मापांचे राष्ट्रीय प्रमाण जपण्याचे काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे.

ही तपासणी एकदा करून भागत नाही. लॉक लागल्यावर शेकडो किलोवॅट प्रकाशाने आरसे तापतात, त्यांचा आकार किंचित बदलतो आणि पहिले काही तास यंत्राचा प्रतिसाद सरकत राहतो. आरशांवर साचलेला विद्युतभारही बल लावणाऱ्या यंत्रणेची ताकद हळूहळू बदलतो. म्हणून निरीक्षण चालू असतानाच ठरावीक कंप्रतांच्या, म्हणजे सेकंदाला ठरावीक संख्येने होणाऱ्या, काही बारीक हालचाली आरशांना अखंड दिल्या जातात. तंबोऱ्याची तार मैफलभर वाजत राहते आणि गायक तिच्यावरून सूर पारखत राहतो, तसेच हे स्वर यंत्र किती सरकले ते क्षणोक्षणी सांगतात. पुढे गणिताने ते नोंदीतून वजा केले जातात. याशिवाय ठरावीक काळाने निरीक्षण थांबवून सबंध कंप्रतापट्ट्यात यंत्राचा प्रतिसाद तपासला जातो. पहिली आकडेवारी काही सेकंदांत तयार होते, पण सावकाश, चुकांच्या हिशोबासह केलेली दुरुस्त आवृत्ती नंतर येते. या खटाटोपाचे फळ असे, की २०१९-२०च्या त्याच निरीक्षणकाळाच्या पहिल्या भागात २० ते २,००० हर्ट्झच्या पट्ट्यात लहरीच्या आकारमानातली अनिश्चितता ७ टक्क्यांच्या आत राहिली. प्रोटॉनच्या व्यासाच्या क्षुल्लक अंशाबद्दल इतक्या खात्रीने बोलता येणे ही पहिल्या लहरीच्या शोधाइतकीच मोठी गोष्ट मानली पाहिजे, जरी तिची बातमी कधी पहिल्या पानावर छापली जात नाही.

यंत्राबरोबर माणसांचीही पारख होते. १६ सप्टेंबर २०१० रोजी जुन्या लायगोच्या नोंदीत एक ठसठशीत संकेत आला. आकाशातील त्याची दिशा बृहल्लुब्धक, म्हणजे मोठा कुत्रा या तारकासमूहाकडे वाटल्याने त्याला ‘बिग डॉग’ असे टोपणनाव पडले. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने त्याची छाननी केली, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील बैठकीत सर्वांसमक्ष उलगडा झाला, की तो संकेत अगदी मोजक्या लोकांनी आरसे मुद्दाम हलवून गुपचूप पेरलेला होता. आपल्याकडच्या किती संस्था स्वतःची अशी परीक्षा घ्यायला तयार होतील, हा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

अंशशोधनाला एवढे महत्त्व देण्याचे कारण विश्वाच्या मापांत आहे. लहरीचा आकार जेवढा लहान, तेवढा तिचा उगम दूर. म्हणून आकारात ५ टक्के चूक झाली तर अंतरातही ५ टक्के चूक होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तेव्हा लहरीवरून अंतर आणि प्रकाशावरून दीर्घिकेचा वेग घेऊन विश्वप्रसरणाचा दर स्वतंत्रपणे काढता आला. त्या घटनेची जागा आकाशाच्या सुमारे २८ चौरस अंशांच्या तुकड्यापर्यंत आकसली, त्यात इटलीतील व्हर्गो या तिसऱ्या यंत्राचा वाटा होता. वेगवेगळ्या ठिकाणी लहर पोहोचण्याच्या वेळांतला फरक हीच दिशा शोधण्याची किल्ली असल्याने, अमेरिका आणि युरोप यांपासून दूर असलेल्या हिंगोलीचे भौगोलिक स्थान मोलाचे ठरते.

दोन्ही समुद्रकिनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर दूर, मोठ्या कारखान्यांपासून अलग आणि दख्खनच्या कठीण काळ्या दगडावर वसलेली ही जमीन शांत आहे, पण निश्चल नाही. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो शेजारच्या नांदेड, परभणीतही जाणवला. असे धक्के क्वचित येतात आणि त्यांना धरून यंत्राची आखणी करता येते. रोजची थरथर कठीण, कारण ती माणसांची असते. मराठवाड्याला रस्ते हवेत, रेल्वे हवी, उद्योग हवेत, आणि ही मागणी न्याय्य आहे; मात्र या प्रयोगशाळेचे भांडवल आजूबाजूची शांतता हेच असल्याने दगडखाणी, पवनचक्क्या आणि अवजड वाहतुकीचे मार्ग या परिसरात आखताना जिल्हा प्रशासनाने वेधशाळेला आधी विचारावे. महाशिवरात्रीला नागनाथाच्या यात्रेसाठी लोटणाऱ्या गर्दीला मात्र कोणी अडवणार नाही आणि अडवूही नये. त्या दिवशी रस्त्यांवरची वाढलेली वर्दळ वेधशाळेच्या भूकंपमापकांवर उमटेल, आणि चालक तिची वेळेसह नोंद करून ठेवील.