जुन्या मोटारीचीं लहान छिद्रें

घरांतील जुन्या मोटारीविषयीं कुटुंबांतील माणसांस जी ममता वाटते, ती केवळ यंत्राविषयींची नसते. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली पद्मिनी ही अशीच घरोघरीं लाडकी झालेली गाडी. ती निघणें केव्हांच बंद झालें. मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीनेंही ऑक्टोबर २०२३ मध्यें निरोप घेतला. ज्यांच्या दारीं ती अद्याप उभी आहे, ते तिचें अंग पुन्हां नीट करून घेऊं पाहतात. त्या कामांत हटकून दुर्लक्षिली जाणारी एक गोष्ट आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

जुन्या मोटारींच्या बाजूंवरील चकचकीत पट्ट्या व नांवाचीं अक्षरें बहुधा चिकटविलेलीं नसतात. पट्टी क्लिपांनीं व अक्षरें पाठीमागील बारीक खुंट्यांनीं पत्र्याच्या छिद्रांत बसतात. आमच्या वडिलांची गाडी आम्हीं मोठ्या हौसेनें एका कारागिराकडे दिली. त्यानें पत्रा ठोकून सरळ केला, पुट्टी भरली, घासली, रंग दिला. गाडी आरशासारखी झाली. पण पट्ट्या बसवावयाच्या वेळीं छिद्रेंच सांपडेनात! तीं पुट्टीखालीं बुजलीं होतीं. मग अंदाजानें नवीं भोंकें पाडलीं. दारावरील पट्टी पुढील मडगार्डावरील पट्टीशीं जुळेना, आणि पुढच्याच पावसाळ्यांत भोंकांभोंवतीं रंगास फोड आले.

हें टाळणें कठीण नाहीं. पट्टी काढण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं. ती काढल्यावर पत्र्यावर पातळ कागद ताणून चिकटवावा व त्यावर दाराच्या कडा आणि प्रत्येक छिद्राचा मध्य पेन्सिलीनें उमटवून घ्यावा. मापें नेहमीं दाराच्या कडेपासून घ्यावीं. एका बाजूचा कागद उलटा करून दुसऱ्या बाजूस लावूं नये. जुन्या गाडीच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतीलच, असा भरंवसा नसतो.

पुट्टी भरतांना प्रत्येक छिद्रांत मेण लावलेली दांतकोरणीसारखी काडी खोंचून ठेवावी व पुट्टी पुरती कडक होण्यापूर्वीं ती काढून घ्यावी. दाराच्या आंतील अस्तर काढल्यास पाठीमागूनही छिद्र मोकळें करतां येतें. छिद्राच्या कडेस पुट्टी मुळींच राहूं देऊं नये. क्लिप मिलिमीटरभराहून पातळ पत्र्यासाठीं घडविलेली असते. जाड थरांत ती नीट धरत नाहीं, आणि दाबून बसविल्यास पुट्टीस तडा जाऊन पाणी आंत शिरतें. शिवाय छिद्रांची ती ओळ अखेर पट्टीखालींच झांकली जाते. तेथें गुळगुळीतपणाचा हट्ट कशाला?

पत्रा ठोकतांना छिद्र ताणून लांबट झालें, तर मागें तांब्याचा तुकडा धरून तें वेल्डिंगनें बुजवावें. तांब्यास वेल्डिंग चिकटत नाहीं. मग कागदावरील खुणेप्रमाणें पंचानें ठिपका करून प्रथम बारीक व नंतर पूर्ण मापाचें भोंक पाडावें. सडलेला पत्रा कापून नवा जोडला असेल, तरी हीच रीत. हीं सारीं भोंकें रंगापूर्वींच पाडावीं, म्हणजे त्यांच्या उघड्या कडांस प्रायमर लागतो. गंज नेमका तेथूनच सुरू होतो. शेवटीं रंगाच्या थरानें छिद्र अरुंद झालें असल्यास तें हातानें हलकेंच मोकळें करावें आणि क्लिपेभोंवतीं पाणी अडविणारा मसाला भरावा.

कारागिराचें कौशल्य आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु कोणती गोष्ट जपावयाची, हें गाडी हवालीं करतांना मालकानेंच सांगावयास हवें, आणि तो मापांचा कागद आपल्याच घरीं ठेवावयास हवा. रंग पुन्हां देतां येतो. कारखान्यानें घातलेली खूण मात्र एकदां बुजली कीं ती परत सांगणारें कोणी उरत नाहीं. आम्हांस हें वडिलांच्या गाडीवर शिकावें लागलें. वाचकांनीं तें या पानावरच शिकावें.