फडातली पिल्लं

सकाळी साडेनऊला तोडणी थांबली. पाचट बाजूला सारताना एका बाईचा कोयता वरच्या वर थबकला. खाली मांजराएवढी बिबट्याची दोन पिल्लं एकमेकांत शिरून बसली होती. "वाघाची पिल्लं हायेत!" एवढं ओरडून ती मागं सरली आणि पाथर्डीकडची सगळी टोळी लेकरांना काखेत मारून बांधावर गेली. मुकादमानं वनरक्षकाला फोन लावला. पिल्लांना कुणी हात लावला नाही, यातच निम्मं काम झालं होतं.

जुन्नरच्या या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च असे फोन येतच राहतात. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला. वर्षभर, कधी दीड वर्ष उभं राहणारं हे दाट रान बिबट्याच्या मादीला विण्यासाठी आडोसा देतं. ओढ्याला पाणी आहे, वस्तीवर कुत्री आहेत. मग कारखान्याची तोड येते आणि दोन दिवसांत तिचं घर मोकळं होतं.

वन विभागाच्या गाडीपाठोपाठ माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर आले. हातमोजे घालून त्यांनी एकेक पिल्लू उचललं. हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, कानामागच्या गोचिड्या चिमट्यानं काढल्या, मायक्रोचिप बसवली. एक नर, एक मादी, वय महिनाभर. डोळ्यांवर अजून निळसर झाक होती. मादी पिल्लू तळव्यात मावेना, वर फिस्कारत होतं.

सूर्य कलल्यावर ज्या सरीत पिल्लं सापडली, नेमक्या त्याच सरीत ती परत नेली. त्यांच्यावर नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरतात तसलं प्लॅस्टिकचं क्रेट पालथं घातलं. पिल्लं भरकटू नयेत, पण आईच्या पंजानं उलटावं, एवढंच त्याचं वजन. समोर कॅमेरा लावला. बघ्यांना वाटेला लावायला मात्र सर्वांत जास्त वेळ गेला. मग आम्ही दूर गाडीत दिवे बंद करून बसलो.

सात वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर ती दिसली. सरळ आली नाही. लांबून फेरी घातली, थांबली, हुंगलं. क्रेट एका फटक्यात कलंडलं. एका पिल्लाची मानगूट धरून ती उभ्या उसात शिरली. पुढची चाळीस मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही. मग ती दुसऱ्यासाठी परत आली.

पिल्लं दूर जंगलात का सोडत नाहीत, असं गावात हमखास विचारतात. महिन्याचं पिल्लू आईशिवाय जगत नाही, आणि पिल्लं हरवलेली मादी वस्तीभोवती बिथरून फिरते. मोठे बिबटे उचलून दुसरीकडे सोडण्याचा प्रयोग याच जुन्नर भागात २००१ च्या सुमारास झाला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला: आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, नंतर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर जास्त धोकादायक ठरतं, हे त्यातून दिसलं.

तरी म्हणून गावकऱ्यांची भीती खोटी ठरत नाही. या तालुक्यांत घरासमोरून लेकरं गेली आहेत. माणसावर हल्ले करणारा बिबट्या पकडावाच लागतो. पण शेजारचा शेतकरी त्या रात्री म्हणाला, "लाईट रात्रीची येते. मोटार चालू करायला अंधारात जावं लागतं, त्याचं काय?" दिवसा वीज मिळावी, ही त्याची मागणी मला बिबट्या वाचवण्याचीही मागणी वाटते. अंधारात उसाच्या कडेनं चालणारा माणूस कमी झाला, तर दोघांचाही धोका कमी होईल.

दुसऱ्या दिवशी टोळी फडाच्या दुसऱ्या टोकाला लागली होती. कोयत्याला धार लावता लावता त्या बाईनं विचारलं, "आली व्हती का माय?"

"आली. दोन्ही नेली."

तिनं मान डोलावली आणि ती सरीत उतरली.

तोड चालू असताना पिल्लू दिसलं, तर ते उचलू नका, त्याच्यासोबत फोटो काढू नका. तोडणी थांबवा, माणसं मागं घ्या आणि वन विभागाला १९२६ वर कळवा. संध्याकाळी आई येते, तेव्हा ते त्याच सरीत असायला हवं.