चौकट : पद्मिनी मागून एका बाजूला झुकते तेव्हा

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या धुऱ्याचा भार कमानपाट्यांवर असतो. गाडी तिरकी दिसली की लगेच पाटे बदलू नका. आधी मोजमाप करा.

मोजणी : सपाट जमीन, रिकामी डिकी, दोन्ही चाकांत सारखी हवा. मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजा.

दोष पुढे की मागे? : पुढचा भाग बरोबर मध्यावर जॅकने उचला. मागची उंची सारखी झाली, तर दोष पुढच्या स्प्रिंगमध्ये शोधा.

काय तपासावे : तुटलेले किंवा सपाट झालेले पान, तुटलेला सेंटर बोल्ट, गंजून अडकलेले शॅकल, झिजलेले बुश. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत पाटे जिथे बसतात तिथला पत्राही कुजतो. तिथे आधी वेल्डिंगच हवे.

गैरसमज : साधा हायड्रॉलिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर हेलकावे आवरतो, वजन पेलत नाही. तो बदलून झुकाव जात नाही.

दुरुस्ती : पाट्यांना नवी कमान द्यायची किंवा ते बदलायचे, तर दोन्ही बाजूंचे एकदमच. यू-बोल्ट नवे घाला. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. अधांतरी आवळले तर रबर पिळवटून लवकर फाटते.

सावधान : नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. भक्कम स्टँड लावाच.